तळ्याची अर्धी प्रदक्षिणा

देश मोकळा होतोय असं रोज पेपरात छापून येत होतं, त्याच दिवसांत आमच्या घरातल्या दोन बायका एका रविवारपुरत्या बांधल्या गेल्या. एक माझी सासू, मौनानं. दुसरी मी, शपथेनं. अशा बांधलेल्या अवस्थेत आम्ही सहकुटुंब, डबे, सतरंजी, थर्मास आणि चार वर्षांची पोर घेऊन विकाराबादच्या पुढल्या डोंगरातल्या एका तळ्याला पायी फेरी घालायला निघालो.

ही गोष्ट मी लग्नघरात सांगितली आहे, हळदीकुंकवाला सांगितली आहे, एकदा तर तारनाक्याला दाताच्या दवाखान्यात तोंडात कापूस असताना सांगितली आहे. लोक खूप हसतात. मी नकला करते ना. तुम्हीही हसा, माझी हरकत नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की चालताना तळं कायम उजव्या हाताला होतं, पाणी काळं होतं, आणि ज्या बाईला बोलायची बंदी होती तिच्या छातीत काहीतरी बिघडलेलं होतं. ते आम्हा दोघींनाच माहीत होतं.

आधी नवसाचं सांगते. माझी मुलगी सातव्या महिन्यात जन्मली. हॉस्पिटलात काचेच्या पेटीत तिला ठेवलेली, हातापायांच्या काड्या, अंगभर लव. डॉक्टर आमच्याकडे न बघता बोलायचे. तेव्हा सासूबाई कॉरिडॉरमध्ये उभ्या राहून पुटपुटल्या, ‘लेकरू घरी आलं तर तळ्याला मुकी प्रदक्षिणा घालीन.’ त्यांचं माहेर त्या डोंगराच्या पायथ्याचं. तिथल्या तळ्याच्या बांधावर मैसम्मेचं ठाणं आहे, पाण्याची राखण करणारी देवी. मुकी प्रदक्षिणा म्हणजे देवीपाशी दिवा लावायचा, तोंड मिटायचं, आणि पूर्ण तळं उजवं घालून परत दिव्यापाशी येईपर्यंत शब्द काढायचा नाही. आल्या वाटेनं परत फिरायचं नाही. मध्येच सोडली तर ती घातलीच नाही असं समजायचं, आणि नवस फेडला नाही तर देवी आपलं घेऊन जाते, असं त्यांच्या माहेरी लहान मुलांनाही ठाऊक होतं.

लेकरू घरी आलं. आणि चार वर्षं आम्हाला तळ्याला जायला फुरसत झाली नाही. माझ्या नवऱ्यानं सरकारी खुर्ची सोडून कुकटपल्लीच्या बाजूला एका नव्या खासगी कंपनीत नोकरी धरली होती, तिथे रविवारसुद्धा वरच्या साहेबाच्या मर्जीवर असे. मुलीला ताप आला की सासूबाई तिच्या पायाशी बसून माझ्याकडे बघायच्या. नुसत्या बघायच्या.

शेवटी कार्तिकातला एक रविवार ठरला. आणि आदल्या गुरुवारी त्या मला म्हणाल्या, ‘चल जरा, मैत्रिणीकडे जाऊन येऊ.’ मैत्रीण म्हणजे हृदयाचा डॉक्टर निघाला. त्यानं यंत्रातून निघालेली कागदाची पट्टी दोनदा पाहिली, चष्मा काढून पुन्हा पाहिली, आणि म्हणाला, ‘जिना चढायचा नाही. ओझं उचलायचं नाही. उद्याच ॲडमिट व्हा.’

‘सोमवारी होते,’ सासूबाई म्हणाल्या.

‘अम्मा, उद्या.’

‘रविवार माझा आहे, डॉक्टरसाहेब. सोमवारपासून तुमची.’

घरी आल्यावर त्यांनी ती पट्टी घडी करून तांदळाच्या डब्यात घातली. मग मला आतल्या खोलीत नेलं. मुलगी झोपली होती. त्यांनी माझा हात धरला, मुलीच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘हिची शपथ आहे तुला. प्रदक्षिणा होईस्तोवर कुणाला सांगायचं नाही.’

आमच्या घरात शपथ हा चेष्टेचा विषय नव्हता. घातलेली शपथ मोडली तर ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याच्यावर येते, आणि ती सोडवायची तर एकच वाट: ज्यानं घातली त्यानंच आपल्या तोंडानं ‘सुटली’ म्हणायचं. मी बी.एस्सी. झालेली, या गोष्टींवर विश्वास नसलेली बाई. पण हात माझ्या मुलीच्या डोक्यावर होता, तिची टाळू गरम होती, आणि माझ्या तोंडून ‘बरं’ निघून गेलं. त्या ‘बरं’मधली चूक रविवारी अर्धं तळं चालून होईपर्यंत माझ्या लक्षात आली नाही.

तर रविवार. नवऱ्याची नवी पांढरी गाडी. पुढे मामंजी, म्हणजे सासरे, जमिनीच्या नोंदींच्या दफ्तरातून रिटायर झालेले. मागे सासूबाई, मी, माझी मुलगी आणि मोठी नणंद, वन्सं. वन्संनी नवा कॅमेरा आणला होता आणि त्या दिवसांत नुकतंच परत आलेलं परदेशी कोल्ड्रिंक सहा बाटल्या.

‘नवसाला बाटल्या कशाला?’ मामंजी म्हणाले.

‘नवस आईचा आहे, अप्पा. पिकनिक माझी आहे.’

बांधावर पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. तळं काठोकाठ भरलेलं, पलीकडे सागाचं जंगल थेट पाण्यापर्यंत उतरलेलं. ठाण्यापाशी एक म्हातारी बसली होती, हळदीनं पिवळे झालेले पाय. तिनं आम्हा प्रत्येकाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मोजलं. तेलुगूत, बोटांवर. सहा.

‘वापस आये तो मेरे कू गिन के दिखाना,’ ती म्हणाली.

‘कायकू अम्मा?’ वन्संनी हसून विचारलं.

म्हातारी हसली नाही. ‘पिछले साल एक कम गिनी मैं,’ म्हणाली, आणि दिव्यात तेल घालायला वळली.

सासूबाईंनी दिवा लावला. हात जोडले. मग माझ्याकडे वळून, अगदी शेवटचं म्हणून, बोलल्या, ‘बोरन्हाणातली वाटी आणलीस का पाण्याला? बरं.’ आणि तोंड मिटलं. मला वाटलं होतं, शेवटचा शब्द जरा मोठा असेल.

पहिला तासभर सगळं झकास होतं. वाट तळ्याला धरून जाणारी, सपाट, पानांनी भरलेली. पोर बापाच्या खांद्यावर. मामंजी झाडांची नावं तीन भाषांत सांगत होते आणि एखादं चुकलं तर निजामाच्या काळी बरोबर होतं म्हणत होते. वन्सं दर शंभर पावलांवर आम्हाला फोटोसाठी उभं करायच्या. सासूबाई पुढे. हिरवं लुगडं, हातात रिकामी वाटी, चाल एकसारखी. त्यांच्या मागे मी. मी त्यांच्या पाठीकडे बघत चालले होते. माणूस श्वास घेतो तेव्हा पाठीवरचा पदर हलतो, हे तोवर मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी दुसरं काहीच पाहिलं नाही.

पाण्यात झाडं उभी होती. मेलेली, पांढरी, अर्धी बुडालेली. बांधाची उंची वाढवली तेव्हा बुडाली असावीत. त्यांच्यावर पक्षी नव्हते. एवढं मोठं तळं, एवढं जंगल, आणि टिटवीसुद्धा नाही. मधूनच पाणी कशानंतरी हलायचं आणि काठाला एक लाट यायची, वारा नसताना.

‘किती शांत आहे नै?’ वन्सं म्हणाल्या. ‘आमच्या कॉलनीत तर दिवसभर केबल.’

‘शांत नाही,’ मामंजी म्हणाले. ‘गप्प आहे. शांत वेगळं.’

वाटेत जंगलातच एक पत्र्याचा बोर्ड लागला. त्यावर निळाशार पोहण्याचा तलाव रंगवलेला, कडेनं आरामखुर्च्या आणि छत्र्या. खऱ्या तळ्याच्या काठावर खोट्या तळ्याचं चित्र. बोर्डाच्या पुढे झाडं तोडून लाल मातीचा पट्टा उघडा केला होता. चुन्यानं रंगवलेले दगड ओळीनं, लहान मुलांच्या कबरींसारखे. मी हे मनात म्हणाले आणि मनातच जीभ चावली.

याच सुमाराला सासूबाईंचा पदर हलायचा वेग बदलला. आधी चार पावलांना एक श्वास होता. आता दोन पावलांना एक. ओढा ओलांडताना त्यांनी डावा हात उजव्या हातानं दाबला, कोपरापासून वर, कणीक तिंबतात तसा. मी पुढे होऊन बरोबरीनं चालू लागले.

‘आई, बसायचं का?’

मान हलली. नाही.

‘दुखतंय?’

पुन्हा नाही. पण त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता. कार्तिकातल्या सकाळी, सावलीत, जिथे वन्संनी अंगावरची शाल काढली नव्हती.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शपथ फक्त त्याच सोडवू शकत होत्या, तोंडानं, आणि त्यांचं तोंड बंद होतं. मी सांगू शकत नव्हते. त्या मला मोकळं करू शकत नव्हत्या. पुढे बांधापर्यंत अजून अर्धं तळं होतं, आणि मागे चार माणसं आनंदानं चकल्या खात येत होती. अशी पक्की गाठ कुणी ठरवून मारली असती तरी जमली नसती.

‘आई,’ मी हळूच म्हणाले, ‘सुटली म्हणा. एवढाच शब्द. देवी काही मनावर घ्यायची नाही.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मान वळवून मागे, बापाच्या खांद्यावर बसून पाय हलवणाऱ्या पोरीकडे. मग ओठांवर बोट ठेवलं. आणि चालू लागल्या.

पुढल्या वळणावर वाट संपली. काटेरी तारांचं नवंकोरं कुंपण डोंगरावरून उतरत थेट पाण्यात गेलं होतं, गळ्याइतक्या खोल पाण्यापर्यंत. अलीकडे एक पहारेकरी स्टुलावर बसून ट्रान्झिस्टर ऐकत होता.

‘इधर से नै जा सकते,’ तो म्हणाला. ‘रिसॉर्ट बन रहा. ऊपर से घूम के जाओ, पहाड़ पे से. एक घंटा लगता.’

मामंजी भडकले. ‘ही वाट सरकारी आहे. माझ्या दफ्तरात नकाशा आहे हिचा.’

‘होंगा साब. तार भी है.’

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. उभी चढण, सुटे दगड, सागाची मोठी पानं पसरलेली, पाय ठेवला की घसरणारी. मागे जायचं तर प्रदक्षिणा मोडली. समोर, पाण्यापलीकडे, बांधावरचं ठाणं दिसत होतं, एवढासा शेंदरी ठिपका. आम्ही बरोबर अर्ध्यावर होतो.

सासूबाईंनी लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि चढणीला पहिलं पाऊल लावलं.

आता बघा, मी शाळेत असताना नाटकात कामं केलेली आहेत. मला दुसरं काही सुचलं नाही. मी छातीवर हात ठेवला, ‘आई गं’ म्हणाले आणि खडकावर आडवी झाले.

परिणाम उत्तम झाला. पोर रडायला लागली, नवरा धावला, वन्संच्या हातातली बाटली फुटली. माझा हिशेब सोपा होता: मी पडले की सगळे थांबतील, मदत येईल, आणि मदत आली की मी कशीतरी आईंना तिच्याबरोबर धाडीन. मी डावा हात दाबून दाखवला. ओठावर घाम आल्यासारखं पुसलं. जे जे त्यांचं होत होतं ते ते सगळं मी करून दाखवलं, त्यांच्याच समोर, की कुणीतरी माझ्यावरून नजर उचलून त्यांच्याकडे बघेल.

कुणी बघितलं नाही.

‘गॅस असेल,’ वन्सं म्हणाल्या. ‘सकाळी सहा वडे खाल्लेत वहिनींनी. मी मोजले.’

‘तू गप्प बस,’ नवरा म्हणाला. लग्नानंतर पहिल्यांदा त्यानं माझं डोकं चारचौघांत मांडीवर घेतलं, आणि मला ते धड आवडूनही घेता येईना.

मामंजींनी थर्मास, डबे, सतरंजी, सगळं सासूबाईंच्या हातात दिलं. ‘धर हे. हिला वारा घाल.’

आणि माझी सासू, जिला ओझं उचलायला मनाई होती, ती ओझं खाली ठेवून माझ्या पायाशी बसली आणि माझे तळवे चोळू लागली. जोरजोरानं. त्यांचे हात बर्फासारखे होते. मला आजारी समजून नव्हे, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. त्यांना माझं नाटक पहिल्या क्षणाला कळलं होतं. चार माणसं बघतात म्हणून सासूनं करायचं ते त्या करत होत्या. मी पाय आखडून घेतले तर त्या ओढून घ्यायच्या. त्यांचा श्वास आता मला ऐकू येत होता, आत काहीतरी ओलं फाटत असल्यासारखा. मी डोळे मिटून खोटं कण्हत होते, आणि त्या खरं दुखणं तोंड मिटून गिळत होत्या, आणि मला थांबताही येत नव्हतं. थांबले असते तर सगळे उठून डोंगर चढायला लागले असते.

पहारेकऱ्यानं शीळ घातली. पाण्यातल्या मेलेल्या झाडांआडून एक कोळी पुट्टीतून आला. पुट्टी म्हणजे वेताची गोल टोपली, बाहेरून डांबर फासलेली. सरळ ती जातच नाही, गोल गोल फिरत पुढे सरकते.

‘दोघंच,’ कोळ्यानं बोटं दाखवली. ‘इद्दरे.’

‘तू जा हिच्याबरोबर,’ मामंजी मुलाला म्हणाले. ‘आम्ही वरून येतो.’

‘आई माझ्याबरोबर येतील,’ मी आडव्या आडव्याच म्हणाले.

‘आईचा नवस आहे, वहिनी,’ वन्सं म्हणाल्या. ‘एवढ्यासाठी चार वर्षं थांबली ती.’

सासूबाईंनी माझे पाय खाली ठेवले. उठल्या. एकदा उठता आलं नाही, दुसऱ्यांदा उठल्या. ते दुसऱ्यांदाचं कुणी पाहिलं नाही. थर्मास काखेत घेतला. आणि कुणाकडे न बघता चढणीला लागल्या. एक दगड. दुसरा दगड. तिसऱ्यावर हात टेकला.

मी उठून बसले. नवऱ्याची मांडी, पुट्टी, पोरीचं रडं, सगळं एकदम लांब गेलं. विश्वास नाही, विश्वास नाही, असं मी स्वतःला सांगत होते, आणि माझ्या तळहाताला ती गरम टाळू लागत होती. मुलगी समोर उभी होती, नाक पुसत. मी तिच्याकडे बघितलं असतं तर माझ्यानं झालं नसतं. मी डोंगराकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

‘अहो, आईंना गुरुवारी...’

‘सुटली.’

वरून आला आवाज. बारीक, घोगरा. सकाळपासून न वापरलेला.

सगळे वळले. सासूबाई तिसऱ्या दगडावर बसल्या होत्या, तोंड आमच्याकडे. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांना तो शब्द बाहेर काढायचा होता, मोडलेली शपथ पोरीच्या डोक्यावर यायच्या आत. तेवढ्यासाठी त्यांनी चार वर्षांचा नवस टाकून दिला.

‘सुटली म्हटलं ना,’ त्या म्हणाल्या. ‘आता बोल काय ते.’

‘अगं, तू बोललीस,’ मामंजी म्हणाले. बाकी काही त्यांना समजलंच नव्हतं.

‘बोलले,’ त्या म्हणाल्या. ‘मला खाली घ्या. मला उतरवत नाही.’

मग मी बोलले. एका श्वासात सगळं बोलले; डॉक्टर, पट्टी, तांदळाचा डबा. नवरा वर गेला आणि आईला लहान मुलासारखं उचलून आणलं. पुट्टीत त्यांना बसवलं, शेजारी मला. तो आल्या वाटेनं गाडीकडे पळत सुटला. मामंजी काठावर तसेच उभे राहिले, एका हातात नातीचा हात, दुसऱ्यात रिकामी वाटी.

पुट्टी फिरत निघाली. एकदा ठाणं समोर, एकदा डोंगर समोर, एकदा काठावरची तीन माणसं, प्रत्येक फेऱ्याला लहान होत जाणारी. तळाला बुडालेल्या झाडांचे शेंडे घासत होते, नखांनी दार खरवडावं तसे. कोळी थांबून ऐकायचा, मग बाजूला वल्हवायचा. सासूबाईंचं डोकं माझ्या खांद्यावर होतं.

‘आता तळं कुठल्या हाताला आहे गं?’ त्यांनी विचारलं.

‘दोन्ही,’ मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. ‘अर्धी राहिली,’ म्हणाल्या.

बांधावर म्हातारीनं आम्हाला मोजलं. दोन. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की बाकीचे मागून येताहेत हे सांगतानासुद्धा माझा आवाज खोटा वाटला.

तर सासूबाई वाचल्या. महिनाभर हॉस्पिटलात होत्या, आणि डॉक्टर म्हणाले की ती चढण चढल्या असत्या तर माझ्यापर्यंत पोचल्याच नसत्या. घरात सगळे माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत, मग बोलले. वन्संनी मी आडवी पडल्याचा फोटोही काढला होता असं रोल धुऊन आल्यावर कळलं. तो अजून आहे. त्यात मी फार सुरेख कण्हते आहे, आणि कोपऱ्यात सासूबाईंचे हात दिसतात.

पण त्या घरी आल्या त्या बदलून आल्या. पोर खोकली तरी त्या उठून बसायच्या. तिला शाळेतून यायला पाच मिनिटं उशीर झाला की गॅलरीत. तिला जेवताना ठसका लागला की यांचा हात छातीवर. ज्या हृदयासाठी औषधं चालली होती ते दिवसातून दहा वेळा असं दचकायचं. डॉक्टर म्हणायचे, यांना कसली तरी चिंता आहे, ती काढा. गोळीनं निघण्यातली नव्हती.

पुढच्या कार्तिकात त्यांनी मला जवळ बोलावलं. ‘उरलेली अर्धी तू घाल. माझ्या नावानं पुरी झाली तर देवी धरेल. जिथे मी बोलले तिथून सुरू करायची, आणि तोंड मिटून.’

नवऱ्याला सुट्टी नव्हती. मी आणि मामंजी नामपल्लीहून सकाळची पॅसेंजर धरून गेलो. दिवा लावला, मी तोंड मिटलं, आणि गेल्या वर्षीच्याच वाटेनं आम्ही त्या खडकापर्यंत पोचलो. तारांच्या जागी आता दगडी भिंत होती, पुरुषभर उंच, वर काचा, डोंगरावर जिथवर नजर जाईल तिथवर. वरची वाटही तिच्या आत गेली होती. मामंजींनी नकाशाची नक्कल आणली होती. त्यांनी ती दारावरच्या माणसाला उर्दूतून वाचून दाखवली, मग तेलुगूत, मग इंग्रजीत. त्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि दार लावलं. मी मुकी, भिंतीला हात लावून उभी. भिंतीपलीकडून पंपानं पाणी उपसल्याचा आवाज येत होता.

परतीच्या गाडीत मामंजींनी नकाशाची नक्कल घडी करून खिशात घातली. मला आता बोलायला हरकत नव्हती, पण बोलावंसं वाटेना. शंकरपल्लीच्या आसपास मामंजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘झाली म्हणून सांग.’

मी त्यांच्याकडे बघितलं. तीस वर्षांत या माणसानं दफ्तरात एका खोट्या नोंदीवर सही केली नव्हती; त्यापायी त्याच्या तीन बढत्या गेल्या होत्या.

‘मी होतो ना बरोबर,’ ते म्हणाले. ‘मला विचारलं तर मी सांगेन.’

ठाण्यावरचं कुंकू घ्यायचं राहिलंच होतं. नामपल्लीला स्टेशनबाहेर झाडाखाली एक देवी आहे, तिचं चिमूटभर पुडीत बांधून घेतलं.

सासूबाई दारातच उभ्या होत्या.

‘झाली?’

‘झाली.’

‘कुठे बोलली नाहीस ना?’

‘एक शब्द नाही.’

नाटकात मी अनेक कामं केलीत, पण असं एकही नाही. पापणी लवली नाही. मामंजी मागे उभे राहून सावकाश चपला काढत होते. सासूबाईंनी पुडी उघडली, नातीला हाक मारली, तिच्या कपाळावर कुंकू टेकवलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा तिला एकटीला खाली खेळायला पाठवलं. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. दुपारी गाढ झोपल्या.

चार दिवसांनी पोरीला ताप आला. दुपारची वेळ. सासूबाई येऊन तिच्या गळ्याला हात लावून गेल्या. ‘साधा आहे,’ म्हणाल्या. ‘काढा दे. आता कशाला घाबरायचं? फेडून झालंय सगळं.’ आणि बाहेर जाऊन टीव्ही लावून बसल्या.

मी थर्मामीटर झटकून पुन्हा तिच्या काखेत धरलं. दारात मामंजी येऊन उभे राहिले होते.

‘किती?’ त्यांनी हळू आवाजात विचारलं.

‘एकशे दोन.’

‘मघाशी?’

‘एकशे एक.’

ते आत आले नाहीत आणि गेलेही नाहीत. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर काहीतरी गमतीचं चाललं असावं. सासूबाई मोकळ्या आवाजात हसत होत्या.